आपण मागितलेले पुस्तक आले आहे

"यात काय आहे? दोन संध्याकाळचं काम!" हे वाक्य जावारावांच्या तोंडून निघालं तेव्हा त्यांना कुणीही काहीही विचारलेलं नव्हतं. ते वाचनालयाच्या समितीवरही नव्हते. समितीवर त्यांची बायको होती. बैठक लांबली होती, आणि तिला घरी न्यायला आलेले जावाराव मागच्या बाकावर बसून कालच्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. आडवे सात अडलं म्हणून त्यांनी मान वर केली आणि घात झाला.

समोर ग्रंथपालबाई मागणीवहीबद्दल बोलत होत्या. आपल्याला हवं असलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाकडे असलं की या वहीत नाव लिहायचं. पुस्तक परत आलं की बाईंनी कळवायचं. पण फोन कुणी उचलत नाही, आणि मग रोज चाळीस माणसं खिडकीशी येऊन "आलं का?" एवढंच विचारून जातात. "नाही म्हणून मान हलवून हलवून मला हा पट्टा लागलाय," असं म्हणून बाईंनी मानेचा पट्टा समितीला दाखवला.

आणि तेव्हा जावाराव ते वाक्य बोलले. वर आणखी हेही म्हणाले, की जावा या संगणकाच्या भाषेत असा प्रोग्राम लिहिता येतो. पुस्तक परत आल्याची नोंद झाली, की पुढच्या माणसाला आपोआप ईमेल. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी ठराव मांडला, ग्रंथपालबाईंनी अनुमोदन दिलं, आणि जावारावांची बायको हातातल्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिली.

घरी जाताना ती म्हणाली, "अहो, दोन संध्याकाळ म्हणालात."

"हो."

"कुठल्या दोन?"

तिच्या प्रश्नात खोच होती, आणि ती का होती हे सांगायला हवं. जावाराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कंपनीच्या कार्डावर त्यांच्या नावापुढे 'जावा' छापलं होतं. त्यांची मावशी ते वाचून नातेवाइकांत सांगत सुटली, की आमचा भाचा जावांमध्ये काम करतो. त्यावर एका दूरच्या आजींनी "सोसतो बिचारा" म्हणून उसासा टाकला. ही गोष्ट बिल्डिंगमध्ये फुटली आणि नाव चिकटलं ते चिकटलं. पण खरी अडचण नावाची नव्हती. साहेब झाल्यापासून गेल्या नऊ वर्षांत जावारावांनी प्रोग्रामची एक ओळ लिहिली नव्हती. ते इतरांच्या कामाच्या तासांचे तक्ते भरत, बैठकांना बसत आणि अडलं की "हे आपण वेगळं बोलू" म्हणत. हे गुपित दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या दुसऱ्या माणसाने ते आजवर तोंडावर बोलून दाखवलं नव्हतं.

पहिली संध्याकाळ जुनी ओळख काढण्यात गेली. त्यांनी शेवटचा प्रोग्राम लिहिला तेव्हा जावाची आठवी आवृत्ती चालू होती, आता एकविसावी. मधल्या बारा आवृत्त्या त्यांना न विचारता निघाल्या होत्या. दुसरी संध्याकाळ पासवर्ड आठवण्यात गेली. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी बायकोला बोलावून कागदावर चौकोन काढून दाखवले.

"हे बघ. इथे एकजण नुसतं जाहीर करतो, की अमुक घडलं, पुस्तक परत आलं. कुणाला सांगतोय हे त्याला माहीत नसतं. आणि इथे दुसरा नुसता कान देऊन बसलेला असतो. त्याच्या कानावर पडलं, की तो लगेच जाऊन तिसऱ्याला कळवतो. दोघांची ओळखही असावी लागत नाही."

"म्हणजे आपल्या बिल्डिंगसारखंच," बायको म्हणाली आणि कुकरकडे गेली.

बातमी बिल्डिंगमध्येही तशीच फिरली आणि चौथ्या संध्याकाळी बरोबर साडेसहाला तिसऱ्या मजल्यावरचे तपासनीस आले. हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले होते, आणि निवृत्तीनंतर तराजू मिळेनासे झाल्यावर ते माणसं तपासत. आता ते रोज येऊ लागले. जावारावांच्या मागे खुर्ची टाकून बरोबर वीस मिनिटं बसत, घड्याळ बघत आणि "निघतो, घरी..." असं अर्धवट म्हणून उठत. "वहिनी कशा आहेत? दिसत नाहीत हल्ली," असं बायकोने एकदा विचारलं तर म्हणाले, "गुडघे," आणि जिना चढून गेले.

त्या वीस मिनिटांत मात्र ते जावारावांना सळो की पळो करून सोडत.

"हे काय लिहिलंय? 'आपले पुस्तक आले आहे'? पुस्तक त्याचं कसं? वाचनालयाचं आहे. 'आपण मागितलेले पुस्तक' म्हणा."

जावारावांनी तसं केलं.

"आणि नुसतं 'सप्रेम नमस्कार' कुणाला? पूर्ण नाव, सभासद क्रमांक, पत्ता, मजला. पत्र ज्याचं त्यालाच गेलं हे कळायला नको?"

जावारावांनी नाव, क्रमांक, पत्ता आणि मजला घातला.

"आणि पोच? माणसाने उलट उत्तर पाठवलं, 'येतो संध्याकाळी' म्हणून, तर ते मिळाल्याची त्याला पोच कोण देणार?"

"पोचेची पोच?" जावाराव कळवळले.

"व्यवहार पुरा व्हायला नको?"

जावारावांना यातलं नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायला आधी ते का अवघड आहे हे समजावून सांगावं लागतं, आणि ते त्यांनाच नीटसं कळत नव्हतं. म्हणून ते होच म्हणत गेले. एका आठवड्यात प्रोग्राम पोच देऊ लागला; वाचनालय बंद असल्याची सूचना सर्व सभासदांना एकदम पाठवू लागला; आणि कसा कोण जाणे, प्रत्येक मेल दोनदा पाठवू लागला.

हे दोनदाचं कोडं काही केल्या सुटेना. शेवटी जावाराव ऑफिसात हाताखालच्या एका प्रोग्रामरबाईंच्या टेबलाशी गेले. या बाईंच्या कामाला दर वर्षी पाचपैकी गुण जावाराव देत, आणि मागच्याच वर्षी त्यांनी 'तांत्रिक बारकावे अजून वाढवावेत' असा शेरा मारून साडेतीन दिले होते.

"माझ्या एका मित्राला अडचण आलीय," जावाराव म्हणाले आणि मित्राचा प्रोग्राम पुढे केला.

बाईंनी अर्धा मिनिट पाहिलं. "मित्राला सांगा सर, त्यांनी ऐकणारा दोनदा नेमलाय. एक काढून टाका म्हणावं." मग जरा थांबून, स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाल्या, "आणि वरती तुमच्याच नावाची ओळ आहे, ती पण काढायला सांगा मित्राला."

त्या दिवशी जावारावांनी डबा खाल्ला नाही.

तरीही अकराव्या संध्याकाळी प्रोग्राम वाचनालयाच्या संगणकावर चढला. शनिवारी सकाळी एक कादंबरी परत आली, बाईंनी नोंद केली आणि पाचव्या मिनिटाला कोपऱ्यावरचे औषधवाले दुकानातला पांढरा कोट तसाच घालून धावत आले. "मेल आली! आलं म्हणे पुस्तक!" वाचनालयात टाळ्या वाजल्या. ग्रंथपालबाईंनी मानेचा पट्टा काढून खणात ठेवला. अध्यक्षांनी जावारावांच्या पाठीवर थाप मारली आणि आपण चार दिवस बाहेरगावी चाललो आहोत, पण आल्यावर सत्काराचं बघू, असं सांगितलं. जावाराव घरी येताना दुसऱ्याच रस्त्याने, जरा लांबून चालत आले. माणसं भेटावीत म्हणून.

रविवारी साडेअकराला ग्रंथपालबाईंनी अर्धा तास वाचनालय उघडलं, अध्यक्षांनी मागितलेल्या प्रवासवर्णनाची नोंद केली, कुलूप लावलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला बहिणीकडे गेल्या. संगणक आत चालूच होता. प्रोग्रामने अध्यक्षांना मेल पाठवली. अध्यक्षांच्या दवाखान्याच्या पत्त्यावरून आपोआप उत्तर आलं : 'डॉक्टर बाहेरगावी आहेत. दुखणे तीव्र असल्यास कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात.' प्रोग्रामने पोच दिली : 'आपले उत्तर मिळाले. आभारी आहोत.' दवाखान्याने गुळण्या करायला सांगितलं. वाचनालयाने आभार मानले. दवाखान्याने पुन्हा गुळण्या करायला सांगितलं.

पाच वाजता जावारावांच्या घरचा फोन वाजला. "अहो," अध्यक्षांचा आवाज फारच शांत होता, "तुमचं वाचनालय दर आठ सेकंदांनी माझे आभार मानतंय. दोन हजार चारशे सोळा वेळा मानून झालेत. आता पुरे म्हणावं."

पुरे म्हणायला वाचनालयात जायला हवं होतं, आणि किल्ली बाईंकडे. बाई बहिणीच्या घरातल्या सपाता घालून रिक्षाने आल्या. कुलूप उघडलं. जावाराव खुर्चीवर बसून योग्य त्या आज्ञा शोधू लागले. त्यांच्या खांद्यावरून पडद्यावर आभार आणि गुळण्या धावताना बाईंनी पाच मिनिटं पाहिल्या. मग खाली वाकल्या आणि भिंतीतली वायर उपटली. पुन्हा सरळ होताना त्यांची मान धरली. त्यांनी खण उघडला आणि पट्टा लावला.

एवढ्यावर भागलं नाही. इतकी पत्रं पाठवणारा हा कुणी उपद्रवी असणार, असं ठरवून मेलवाल्या कंपनीने वाचनालयाचा पत्ताच बंद केला. सोडवून घ्यायला अर्ज होता. पहिला प्रश्न : आपण माणूस आहात की यंत्र? दुसरा : आपल्यामुळे इतरांना त्रास होतो याची आपल्याला कल्पना होती का? उत्तरं दोनच : 'होती' आणि 'पुरेशी नव्हती'. जावारावांनी दुसऱ्यावर खूण केली. निर्णय तुम्हाला मेलने कळवू, असं उत्तर आलं. पण ज्या पत्त्यावर कळवणार तोच बंद होता. मग दुसरा अर्ज करून बायकोचा पत्ता द्यावा लागला. सोमवारी सकाळी चहा घेताना तिने मोबाइलवर वाचून दाखवलं : "'या एका वेळेपुरते आपल्याला माफ करण्यात येत आहे.' तुम्हालाच आहे ना हे?"

जावारावांनी रजा टाकली आणि दिवसभर वाचनालयात बसून दुरुस्ती केली. आपोआप आलेल्या उत्तराला पोच द्यायची नाही, एवढीच. ती झाली. बुधवारी रंगकामासाठी वाचनालय बंद राहणार होतं, ती सूचना सर्व सभासदांना पाठवून त्यांनी सगळं सुरळीत असल्याची खात्री केली. सूचना गेली. पण 'कुणाला' या रकान्यात त्यांनी त्या सूचनेपुरतं लिहिलेलं 'सर्व सभासद' तसंच राहिलं. दोन शब्द. खोडायचे राहिले.

मंगळवारी पावणेअकराला जावाराव ऑफिसच्या बैठकीत होते. खिशात मोबाइल थरथरला. टेबलाखाली धरून त्यांनी मेल उघडली. वर तपासनिसांचं पूर्ण नाव. सभासद क्रमांक. पत्ता. मजला तिसरा. आणि खाली : 'आपण मागितलेले पुस्तक आले आहे. पुस्तकाचे नाव : स्मृतीभ्रंश – घरातल्या माणसांसाठी.'

हे मला कशाला आलं, असं आधी त्यांच्या मनात आलं. मग ते कुणाकुणाला गेलं हे लक्षात आलं. सहाशे बारा सभासद. बिल्डिंगमधलं जवळजवळ प्रत्येक घर. औषधवाले, दूधवाले, बँकेतले. मग ते गुडघे आठवले, ती मोजून वीस मिनिटं, ते "निघतो, घरी..." आणि पुढे न बोललेलं वाक्य. जावारावांच्या कानांच्या पाळ्या अशा तापल्या, की शेजारच्या माणसाने एसी वाढवू का म्हणून विचारलं. "हे आपण वेगळं बोलू," असं काहीतरी पुटपुटून ते बैठकीतून उठले.

वाचनालयात पोचेपर्यंत चौदा सभासदांची उत्तरं आली होती. वाईट वाटलं. आमच्या काकूंनाही होतं. रोज शब्दकोडी सोडवायला द्या. दाराला आतून कुलूप लावत जा. एकाने आपल्या मेहुण्याच्या डॉक्टरचा नंबर दिला होता. ही माणसांनी लिहिलेली उत्तरं असल्यामुळे प्रोग्रामने प्रत्येकाला न चुकता कळवलं होतं : 'आपले उत्तर मिळाले. आभारी आहोत.'

या खेपेला वायर जावारावांनी स्वतः उपटली.

त्या संध्याकाळी साडेसहा वाजले. सात वाजले. मागची खुर्ची रिकामी राहिली. बायको एकदा बाहेरच्या खोलीत आली, खुर्ची उचलून जेवणाच्या टेबलाशी नेऊ लागली आणि परत होती तिथेच ठेवून गेली. ओरडली असती तर बरं, असं जावारावांना वाटलं.

गुरुवारी समितीची तातडीची बैठक झाली. नव्या रंगाचा वास होता. जावारावांना या वेळी पुढच्या बाकावर बसवलं होतं. प्रवासातून परतलेले अध्यक्ष म्हणाले, "आपण दोष कुणाला देऊ नये. यंत्र म्हटलं की होतं असं."

"यंत्राचं काही नाही," जावाराव उभे राहिले. बायकोने वर पाहिलं. "यंत्राला मी सांगितलं तेच त्याने केलं. आणि मी... मी नऊ वर्षांत एक ओळही लिहिली नव्हती. मला हे काम येत नव्हतं. येतं असं मी उगाच म्हणालो. कुणी विचारलंही नव्हतं."

अध्यक्ष टेबलावरचं पेपरवेट फिरवत राहिले. प्रोग्राम बंद करून वही चालू ठेवावी असा ठराव झाला, आणि इतिवृत्तात 'श्री. जावाराव यांनी स्वतःहून खुलासा केला' अशी नोंद झाली. ती लिहिताना बायकोचं अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.

निघताना ग्रंथपालबाईंनी खिडकीच्या आतून एक पुस्तक दाखवलं. "ते न्यायला आलेच नाहीत हो. रोज पेपर वाचायला यायचे, तेही आले नाहीत. उद्या मुदत संपते. मग नियमाप्रमाणे कपाटात जाईल."

"माझ्या नावावर द्या," जावाराव म्हणाले.

वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन ते तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा पाच वाजले होते. जिन्यात त्यांनी माफीची चार वाक्यं पाठ केली होती. घंटा वाजवली. आतून बऱ्याच कड्या निघण्याचा आवाज झाला आणि दार तपासनिसांच्या बायकोने उघडलं. नीट विंचरलेले केस, इस्त्रीची साडी, ब्लाउजची बटणं मात्र एकाआड एक लागलेली. तिने जावारावांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"दादा! कधी आलास रे?"

जावारावांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. आतल्या दारात तपासनीस उभे होते, हातात टॉवेल, आणि त्यांनी श्वास रोखून धरला होता. मी दादा नाही, असं म्हणायला जावारावांचं तोंड उघडलं. पण या दारात उभं राहून आणखी एक गोष्ट दुरुस्त करण्याची त्यांना लाज वाटली.

"आत्ताच," ते म्हणाले.

"ये, बैस. किती वाळलास! इतक्या वर्षांत एक पत्र नाही तुझं. बहीण आहे की नाही, याची चौकशी तरी?"

जावारावांनी मान खाली घातली. "चुकलंच माझं."

तिने त्यांना अर्धा तास फैलावर घेतलं. विहिरीवर पोहायला नेलं नाहीस, माझी पेन्सिल मोडलीस, बाबांना माझं नाव सांगितलंस. जावारावांनी सगळे गुन्हे कबूल केले. तपासनीस समोरच्या खुर्चीवर बसून होते. त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. तिचा चहा निवत आला तेव्हा त्यांनी पुस्तकावरचं वर्तमानपत्र सोडलं आणि नाव वाचलं.

"मेलमध्ये 'स्मृती'तली 'ती' दीर्घ काढलीत तुम्ही," ते हळूच म्हणाले. "ऱ्हस्व हवी. स्मृति-भ्रंश. सहाशे लोकांना चुकीचं गेलं."

"हो," जावाराव म्हणाले.

"हिचा भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली. मी दर वेळी तिला तसं सांगतो. खोटं कसं बोलायचं? आणि दर वेळी ती नव्याने रडते." तपासनिसांनी टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. "आज नाही रडली."

मग ते दारापर्यंत सोडायला आले. त्यांनी जिन्यातला दिवा लावून दिला आणि दार लोटलं.

जावाराव दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचले आणि थबकले. माफीची ती चार वाक्यं तशीच राहिली होती. इतका वेळ बसून, चहा पिऊन, भलत्याच माणसाच्या पेन्सिलीबद्दल क्षमा मागून, ज्यासाठी आलो ते बोललोच नाही! आता परत वर जावं की उद्या यावं? चिठ्ठी लिहावी का? फोन करावा? मेल करावी हा विचार मनात आला आणि त्यांचा त्यांनाच शहारा आला. ते वळले, पायऱ्या चढले आणि घंटा वाजवली.

कड्या निघाल्या. दारात तीच उभी होती. तिने जावारावांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"दादा! कधी आलास रे?"

तिच्या मागे तपासनीस येऊन उभे राहिले. जावारावांनी तिच्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. चारही वाक्यं गेली. "मला माफ करा," एवढंच कसंबसं निघालं.

तपासनीस काही बोलायच्या आत तिनेच जावारावांचं मनगट धरलं.

"वेडा की काय तू? दारात उभं राहून माफी मागतात का कुणी? आत ये आधी," ती म्हणाली, आणि मागे वळून नवऱ्याला म्हणाली, "अहो, बघताय काय? चहा टाका. दादा किती दिवसांनी आलाय."

तपासनीस बाजूला झाले आणि त्यांनी दार पूर्ण उघडलं.

"आत्ताच आलो," जावाराव म्हणाले, आणि चपला काढल्या.